चाळीस माणसांमागे एकदा ऑइल

हळूभाऊला हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही, पण देणाऱ्यानं विचार करून दिलं होतं. माणूस शववाहिनी चालवायचा. शहरात ती एकच होती, एका संस्थेची. मागे लोक पायी येत असतात, त्यात म्हातारी असतात, रडणारी असतात, एखादी बाई मध्येच थांबून कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकते. त्यामुळे गाडी चालवायची ती पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ उचलूनच. शाळेची पोरं सायकलवरून पुढे निघून जायची. एकदा एक कुत्रं गाडीच्या पुढे पुढे चालत थेट स्मशानाच्या फाटकापर्यंत आलं होतं, आणि वाटेत दोनदा थांबून, मागचे येताहेत ना, याची खात्री करून घेत होतं.

त्याआधी तो एका बेकरीची गाडी चालवायचा. तिथे उशीर झाला की दुकानदार ओरडायचे आणि लवकर पोचला की पाव गरम आहेत, पिशवीला वाफ धरते म्हणून कुरकुरायचे. स्वभाव मुळातच भित्रा. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, जिना उतरला की परत वर जाऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "तुम्ही काळजी करायचं सोडलंत तर मलाच काळजी लागेल, की ह्यांना झालंय तरी काय!" शववाहिनीची नोकरी मिळाली तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. "बरं झालं. आता गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, आणि घाई तर कुणालाच नसते."

बायकोचा अंदाज साफ चुकला. घाई नव्हती हे खरं, पण या कामात एक गोष्ट होऊन चालत नाही: गाडी मध्येच बंद पडून चालत नाही. पावाची गाडी बंद पडली तर पाव शिळे होतील. ही बंद पडली, तर मागून येणारं घर आयुष्यभर त्या दिवसाबद्दल एवढंच सांगणार, "आमच्या वडिलांना नेताना गाडी रस्त्यात बंद पडली हो." हळूभाऊला ही भीती पहिल्या दिवशी चिकटली ती चिकटलीच. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायची पट्टी उपसून फडक्याला पुसायची, पुन्हा खुपसायची, पुन्हा उपसायची, पाणी बघायचं, टायर दाबायचे, आणि मगच चहा घशाखाली उतरायचा.

काम त्याला शिकवलं उस्तादांनी. हे आधीचे ड्रायव्हर. निवृत्तीला आलेले, जाड भुवयांचे, आणि बोलायला पैसे पडत असल्यासारखे मोजकं बोलणारे. पहिली फेरी संपवून दोघांनी गाडी शेडमध्ये आणली. उस्तादांनी चावी फिरवली, इंजिन बंद झालं, आणि ते समोरच्या काचेकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "बावीस."

"काय बावीस?"

"माणसं. चाळीस झाली की ऑइल बदलायचं. किलोमीटर बघायचे नाहीत. या गाडीचा मीटर खोटं बोलतो."

हळूभाऊला हे पटेना. आत्ता तासाभरापूर्वी ज्याला उतरवून आलो, त्याची आई फाटकाशी खाली बसली होती, आणि हा माणूस म्हणतोय बावीस! पुढच्या फेरीला तेवीस, मग चोवीस. एकदा एका लहान मुलीला नेलं. त्या दिवशी तरी उस्ताद गप्प बसतील असं त्याला वाटलं होतं. शेडमध्ये आल्यावर त्यांनी चावी फिरवली, बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले, आणि मग म्हणालेच. आवाज नेहमीपेक्षा खाली होता एवढंच.

मोजण्यातली खरी गंमत चाळीस जवळ आल्यावर कळायची. गंमत कसली, छळच. अडतीस झाले, एकोणचाळीस झाले, की हळूभाऊ रस्त्यानं चालताना लोकांकडे बघायला लागायचा. कोपऱ्यावरचा घड्याळजी बराच खोकतोय. समोरच्या इमारतीतले आजोबा दोन दिवसांत गॅलरीत दिसले नाहीत. आपण वाट बघतोय की काय कुणाच्या तरी मरणाची, असं मनात यायचं आणि तो रस्त्यातच स्वतःच्या गालात मारून घ्यायचा. त्याच्या डोक्यात एक पक्कं बसलं: मोजणं म्हणजे पुढच्याला बोलावणं.

म्हणून उस्ताद निवृत्त झाले, त्यांनी नवं ऑइल भरून चावी हातात ठेवली, आणि त्याच दिवशी हळूभाऊनं मोजणं बंद केलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक खणातून काढलं. त्यात ऑइल किती हजार किलोमीटरला बदलायचं ते ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी बरंच काही होतं, सतत हळू चालणाऱ्या गाड्यांबद्दल, थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांबद्दल, वर्षातून एकदा तरी बदलण्याबद्दल. पण ज्याला हवं ते वरच्याच ओळीत सापडलंय, तो खालचं कशाला वाचतो? शहर केवढं, स्मशान किती लांब! मीटर गोगलगायीसारखा सरकायचा. हिशेबानं पुढची चार-पाच वर्षं तरी ऑइलकडे बघायची गरज नव्हती. कुणाला मोजायलाही नको. हळूभाऊ खूश झाला.

शिवाय पट्टी होतीच. रोज सकाळी ती सांगायची, ऑइल भरपूर आहे. इतर ड्रायव्हर तक्रार करायचे की गाडी ऑइल खाते, महिन्याला वर घालावं लागतं. हळूभाऊची गाडी थेंबभर खायची नाही. उलट काही महिन्यांनी पट्टीवरचा डाग वरच्या खुणेच्याही किंचित वरच दिसायला लागला. याचा त्याला अभिमान वाटायचा. बायकोला त्यानं सांगितलंसुद्धा, "माझ्या हातात गाडी सुधारली बघ." ऑइल आपलं आपण वाढत नसतं, एवढा साधा विचार त्याच्या मनात आला नाही. काळजी करणाऱ्या माणसांचं असंच असतं. नको तिथे शंभर शंका, आणि हव्या तिथे एकही नाही.

उस्ताद अधूनमधून बाजारात भेटायचे. हातात भाजीची पिशवी, शेजारी काकू, म्हणजे त्यांची बायको. विचारपूस एकाच वाक्याची, "मोजतोस ना?"

"हो उस्ताद."

"चाळीस?"

"चाळीस."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते त्याच्या अंगावर पुरळासारखं उठतं. हळूभाऊ लांबून उस्ताद दिसले की गल्ली बदलायला लागला.

दोन वर्षं गेली, वर आणखी काही महिने. मग एका दुपारी, फाटक समोर दिसत असताना, डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकला. हळूभाऊनं पाय जरासा दाबला, इंजिननं रेस घेतली, दिवा विझला. पाय उचलला, दिवा लागला. येताना रिकामी गाडी त्यानं जरा जोरात आणली, तर दिवा सबंध रस्ताभर एकदाही लागला नाही. पट्टी बघितली, ऑइल काठोकाठ. म्हणजे वायर सैल असणार, असं त्यानं ठरवलं. ठरवलं खरं, पण रात्री जेवताना बायकोनं दोनदा विचारलं की भात का चिवडताय.

पुढच्या फेरीला दिवा थोडा लवकर लागला. त्याच्या पुढच्या फेरीला त्याबरोबर एक आवाजही आला, शिवणयंत्र रिकामं चालवावं तसा, टकटकटक. मागे चालणाऱ्यांना तो ऐकू जात नव्हता. हळूभाऊला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

गॅरेजला नेणं हा सरळ उपाय होता. पण मेकॅनिक होता काकूंचा सख्खा भाऊ, उस्तादांचा मेहुणा. त्यानं बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न विचारणार, ऑइल कधी बदललंस? आणि संध्याकाळी बहिणीकडे चहाला गेला की ते उस्तादांच्या कानावर जाणार. दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर संस्थेची परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर कारण सांगायला हवं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हळूभाऊनं डोळ्यांवर कातडं ओढलं. सोमवारी नेऊ म्हणाला, मग त्याच्या पुढच्या सोमवारी.

त्या सोमवारच्या आधीच, शनिवारी सकाळी, संस्थेतून फोन आला. उस्ताद गेले होते. झोपेतच. दुपारी गाडी घेऊन जायचं.

फोन ठेवून तो शेडमध्ये जाऊन बसला. उस्ताद गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि मनात लाल दिवा लागला होता. याची त्याला इतकी लाज वाटली की तो एकटाच असूनही त्यानं हातांनी तोंड झाकलं. मग उठून गॅरेजकडे धावला. शटर खाली, त्यावर खडूनं ‘आज बंद’. बंद असणारच, मेकॅनिकचे मेहुणे गेले होते. हळूभाऊनं दुकानातून ऑइलचा डबा विकत आणला, बॉनेट उघडलं, पट्टी काढली. ऑइल खुणेच्या वर. आता नवं घालायचं तरी कुठे? जुनं काढायला गाडीखाली शिरायला हवं, त्याला ते कधी जमलेलं नव्हतं. नट फिरवताना काही मोडलं तर गाडी आत्ताच गेली. त्यानं ऑइल भरायचं झाकण तेवढं उघडलं. झाकणाच्या आतून पिवळट, घट्ट साय धरलेली होती. थंडीत चहावर धरते तशी. हळूभाऊ ती बघत राहिला आणि मग त्यानं झाकण परत लावलं.

उस्तादांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात चपलांची गर्दी. खाली आणून गाडीत ठेवेपर्यंत कुणी मोठ्यानं बोललं नाही. मेकॅनिक मागच्या दारापाशी उभा होता, डोळे सुजलेले. त्यानं हळूभाऊच्या पाठीवर हात ठेवला. "तू आहेस म्हणून बरं वाटतं रे. तुला त्यांनी तयार केला."

हळूभाऊला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. तोंड उघडलं तोवर काकू पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्यासुद्धा. "मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. "चालायचं नाही मला आज."

गाडी निघाली. रस्ता सपाट, ऊन बेताचं. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. हळूभाऊचे हात स्टिअरिंगवर घामानं सुटत होते. आरशात बघितलं तर मागे खूप माणसं. ज्यांच्या ज्यांच्या घरची माणसं उस्तादांनी पोचवली होती, ती सगळी आली असावीत. दवाखान्याच्या चौकात दिवा लुकलुकला. त्यानं पाय दाबला, गाडी ढकलल्यासारखी पुढे गेली, दिवा विझला, आणि आरशातली माणसं मागे पडली. त्यानं पाय उचलला. माणसं जवळ आली, दिवा लागला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मेकॅनिकनं मागच्या बाजूला हातानं थापटलं, सावकाश चालव म्हणून.

"हा लाल दिवा कसला?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. असाच लागतो कधीकधी."

काकू म्हणजे ड्रायव्हरच्या संसारात सगळं आयुष्य काढलेली बाई. त्यांनी नजर दिव्यावरून काढली आणि हळूभाऊच्या हातांकडे बघत बसल्या.

आता दिवा विझतच नव्हता. टकटक वाढली, मग तिच्या खालून दुसरा एक आवाज यायला लागला, जड, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. समोर स्मशानाचा रस्ता दिसत होता. शेवटचा तुकडा चढाचा. चढ काही मोठा नव्हे, पण हळूभाऊच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं: मध्यावर इंजिन जाम होतंय, गाडी मागे घसरतेय, आणि मागे माणसं. ज्या गोष्टीला तो इतकी वर्षं भीत आला होता, ती गोष्ट करायची की नाही हे आता त्याच्याच हातात होतं. चालू ठेवावी आणि पोचेल अशी आशा करावी, की थांबवावी? थांबवली तर हेच ते घर, जे आयुष्यभर सांगणार.

चढाच्या अलीकडे, सपाटीवर, त्यानं गाडी उभी केली आणि चावी फिरवली. हँडब्रेक ओढला. इतकं शांत झालं की मागच्या चपलांचे आवाज एकेक करून थांबताना ऐकू आले.

"काकू," तो म्हणाला. "मी मोजलं नाही. उस्ताद विचारायचे आणि मी हो म्हणायचो. त्यांनी स्वतः बदललं होतं, त्यानंतर ऑइल बदललंच नाही. गाडी आता पुढे नेली तर इंजिन जाईल, चढावर काय होईल सांगता येत नाही. माझी चूक आहे. मला माफ करा."

तोवर मेकॅनिक खिडकीशी आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पुढे गेला, बॉनेट उघडलं, पट्टी काढली आणि नाकाशी नेली. "पेट्रोलचा वास येतोय," तो म्हणाला. "ऑइल कुठे आहे यात? पहिल्या गिअरमध्ये सरपटणारी गाडी नीट तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाणी खाली उतरतं, ऑइलमध्ये मिसळतं. पट्टीवर वाढलेलं दिसतं, आणि असतं ते नुसतं पातळ गढूळ पाणी. किती माणसं झाली?"

हळूभाऊनं खाली बघितलं.

"अरे, किती झाली ते तरी सांग!"

"मोजली नाहीत म्हणतोय ना तो," काकू म्हणाल्या. "ओरडू नकोस. हे आत आहेत."

मेकॅनिकच्या कपाळावरची शीर उडत होती. मग त्यानं बॉनेट लावलं, मागे वळून लोकांना हात केला आणि म्हणाला, "ढकलायला या."

आणि माणसं आली. कोट घातलेली आली, चष्मा सावरत आली, कोपऱ्यावरचा घड्याळजी खोकत खोकत आला आणि त्यानंही गाडीच्या पाठीला खांदा लावला. हळूभाऊनं गिअर मोकळा केला, हँडब्रेक सोडला. गाडी जराशी मागे आली, आणि मग ती थांबली आणि पुढे सरकली. इंजिनच्या आवाजाशिवाय ही गाडी त्यानं कधी चालवली नव्हती. मागे लोक काय बोलतात ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. आज आलं. कुणी म्हणत होतं, "माझ्या आईच्या वेळी पाऊस होता, तर उस्ताद खाली उतरून छत्री धरून उभे होते." दुसरं कुणी म्हणालं, "मेल्यावरही काम करायला लावलंन बघा आपल्याला," आणि त्यावर दोघं-तिघं हसले, आणि हसता हसता एकाला रडू फुटलं. हळूभाऊला समोरचं फाटक धूसर दिसत होतं. त्यानं डोळे पुसले नाहीत; दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

सगळं आटोपल्यावर माणसं एकेक करून पांगली. गाडी फाटकाच्या आत, भिंतीच्या सावलीत उभी होती. मेकॅनिक तिच्याखालून सरपटत बाहेर आला आणि हात झटकत म्हणाला, "वाचेल बहुतेक. वेळेवर बंद केलंस. आणखी शंभर पावलं नेली असतीस तर भंगारात गेली असती." तो ओढायची गाडी आणायला निघून गेला.

काकू झाडाखालच्या बाकावर बसल्या होत्या. हळूभाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बसायचं धाडस झालं नाही.

"मला भीती वाटायची, काकू. मोजलं की आपण पुढच्याची वाट बघतोय असं वाटायचं."

"त्यांना काय आवडायचं होय मोजायला?" काकू म्हणाल्या. "एकोणचाळीस झाले की घरी जेवण जायचं नाही त्यांना. मी म्हणायचे, सोडा हे, महिने बघून बदला. तर म्हणायचे, कुठल्या महिन्यात दोन जातात, कुठल्या महिन्यात वीस. पुढचा माणूस येणार तो येणारच, मी मोजलं काय आणि न मोजलं काय. तो आला की गाडी नीट चालली पाहिजे, एवढंच माझ्या हातात आहे."

हळूभाऊनं जे विचारायचं होतं ते विचारलं. आशेनं विचारलं, लहान मूल विचारतं तसं.

"उस्तादांपासून सुरुवात करू का? यांना एक धरू?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. चेहरा थकलेला होता, पण राग नव्हता. राग असता तर हळूभाऊला सोपं गेलं असतं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "हे जुन्या ऑइलवर गेले. तू ज्यांना मोजलं नाहीस, त्यांच्यातच राहू देत ह्यांना. उद्या नवं ऑइल घाल, आणि मग जो येईल त्याच्यापासून एक."

हळूभाऊनं मान हलवली. तो कोण असेल, हा विचार मनात आलाच. घड्याळजीचा खोकलाही आठवला. या वेळी त्यानं गालात मारून घेतलं नाही. गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि आत पडलेली फुलं गोळा करायला लागला.